वैमानिकाची झोप

पोळ्याच्या आदल्या सांजेला वऱ्हाडातील शेतकरी आपल्या बैलांचे खांदे शेकतो, त्यांवर तूप-हळद चोळतो आणि दुसऱ्या दिवशी त्या खांद्यांवर जू ठेवीत नाही. शेवटची डवरणी राहिली आहे, सबब यंदाचा पोळा रद्द, असे म्हणणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. आणि एखादा निघालाच तर गाव त्याला शहाणा म्हणणार नाही. ही केवळ भूतदया नव्हे. दमलेल्या बैलाचा तास वाकडा जातो, हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता ठाऊक असते. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपण रूढीने जपले, ते विमान चालविणाऱ्या माणसाच्या बाबतीत आपल्याला कायद्याने शिकावे लागत आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, तो धडाही आपण अर्धाच गिरवीत आहोत.

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभरच्या विमानतळांवर जे घडले, ते वाचक विसरले नसतील. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची ने-आण करणाऱ्या इंडिगो कंपनीच्या ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ फेऱ्या रद्द झाल्या, १,८५२ फेऱ्यांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवाशांना त्याची झळ पोचली. लग्नाला निघालेली कुटुंबे, मुलाखतीला निघालेले तरुण, उपचारासाठी निघालेले रुग्ण सामानाच्या ढिगांशेजारी तासन् तास बसून राहिले. हा निसर्गाचा कोप नव्हता आणि कामगारांचा संपही नव्हता. वैमानिकांना अधिक विश्रांती देणाऱ्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता. ती विश्रांती देऊन ठरलेल्या फेऱ्या चालविण्याइतकी पूर्वतयारी कंपनीने केलेली नव्हती. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी करून कंपनीलाच दोषी धरले व २०२६ च्या जानेवारीत २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला, हे योग्यच झाले. परंतु प्रत्यक्ष संकटाच्या क्षणी सरकारने पहिले पाऊल कोणते उचलले? त्याने रात्रीच्या उड्डाणांसंबंधीच्या नव्या बंधनांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत मोकळीक दिली. आणि वैमानिकाच्या साप्ताहिक विश्रांतीच्या जागी त्याची रजा धरू नये ही अट तर सर्वच कंपन्यांसाठी मागे घेतली. तयारी करावयाची होती ती कंपनीने, ती केली नाही कंपनीने, आणि भरपाई मात्र वसूल झाली वैमानिकाच्या झोपेतून. नियामकाने असे केले म्हणजे नियम मोडण्याची किंमत कोणी चुकवावयाची, याचा एक वाईट पायंडा पडतो.

हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या मोठ्या विमानांचा आहे, अमरावती-अकोल्याने त्यात मन का घालावे, असे कोणी विचारील. आमच्या मते तो आता सर्वांत अधिक आपलाच आहे. अनेक वर्षे वाट पाहिल्यानंतर १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावर अलायन्स एअर या सरकारी मालकीच्या कंपनीचे प्रवासी विमान मुंबईहून येऊन उतरले. साडेअठराशे मीटरांची धावपट्टी, सत्तरच्या आसपास प्रवासी नेणारे पंख्याचे एटीआर विमान आणि आठवड्यातून तीन दिवसांची फेरी, असा त्या सेवेचा आरंभ होता. आरंभ लहान असला तरी वऱ्हाडाच्या दृष्टीने तो मोठा होता. मुंबईच्या इस्पितळात तातडीने जावयाचे, उच्च न्यायालयात किंवा मंत्रालयात उभे राहावयाचे, तर रात्रभराची आगगाडी किंवा दीडशे किलोमीटरांवरचे नागपूर, याशिवाय अमरावतीकरास दुसरा मार्ग नव्हता. अकोल्याची स्थिती याहून कठीण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या शिवणीच्या विमानतळाची धावपट्टी वाढविण्याचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी अडून वर्षानुवर्षे भिजत पडला. तेव्हा अकोलेकरांसही बेलोराच जवळचा. शिवाय, एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या योजनेप्रमाणे याच बेलोऱ्याला ३४ प्रशिक्षण विमानांची वैमानिकशाळा उभी राहावयाची असून, तेथून वर्षाला १८० वैमानिक शिकून बाहेर पडावेत असा संकल्प आहे. म्हणजे यापुढे वऱ्हाड हा केवळ विमानात बसणाऱ्यांचा प्रांत राहणार नाही. विमान चालविणाऱ्यांचाही होईल. त्यांना कोणत्या परिस्थितीत काम करावे लागणार, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

छोट्या मार्गावर विमान चालविणे म्हणजे सोपे काम, असा एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. परदेशी जाणारे अवजड विमान एकदा आकाशात स्थिरावले की कित्येक तास फारशी धावपळ नसते. आणि लांबच्या प्रवासात आळीपाळीने विसावा घेता यावा म्हणून जादा वैमानिकही सोबत असतात. प्रादेशिक विमानाच्या वैमानिकास ही चैन नाही. त्याचा सगळा प्रवास उड्डाण, चढ, उतार आणि अवतरण यांतच संपतो. म्हणजे ज्या काही मिनिटांत चुकीला क्षमा नसते, तीच मिनिटे त्याच्या वाट्याला दिवसातून चार-चार, सहा-सहा वेळा येतात. पंख्याची विमाने मोठ्या जेट विमानांहून खालून उडतात, त्यामुळे पावसाळी ढगांचे धक्के त्यांना अधिक सोसावे लागतात. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीकडे पारा पंचेचाळीस अंशांवर गेला म्हणजे हवा विरळ होते, यंत्राची ताकद घटते, पंखांना मिळणारा आधार कमी होतो, आणि किती वजन घेऊन उडता येईल याचा हिशेब फिरून मांडावा लागतो. खाली उतरल्यावर तापलेल्या फरसबंदीवर अर्ध्या तासाच्या आतबाहेर प्रवासी उतरवून, नवे घेऊन, इंधन व कागदपत्रे पाहून पुन्हा निघावयाचे. सलग सहा तासिका घेतलेल्या शिक्षकास सहाव्या तासिकेला फळ्यावरची बेरीज चुकण्याचा अनुभव असतो. पण फळ्यावरची बेरीज पुसता येते.

आता विश्रांतीचा हिशेब पाहू. दोन कामांच्या मध्ये वैमानिकाला किमान बारा तास मिळाले पाहिजेत असा सर्वसाधारण नियम आहे. बारा तास हे ऐकायला भरपूर वाटतात. परंतु त्यातून मुंबईसारख्या शहरात विमानतळावरून घरी जाण्याचा वेळ वजा करा, तितकाच परत येण्याचा करा, स्नान, जेवण, मुलांशी दोन शब्द यांचा करा. हाती उरतात सहा-सात तास. तेही ज्या वेळी येतात ती वेळ झोपेची असेलच असे नाही. पहाटे पाचच्या उड्डाणासाठी मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला उठणाऱ्याने संध्याकाळी सातला झोपावे, असे वेळापत्रक सांगते. शरीर ते ऐकत नाही. आमच्या शहरांतील नळांच्या पाण्याप्रमाणे झोपही आपल्या वेळेला येते; बोलावले म्हणून येत नाही. रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ मानवी शरीराच्या सुस्तीचा नीचांक असतो, हे विमानवाहतुकीच्या नियमांनीच मान्य केलेले आहे.

या सुस्तीचा सर्वांत घातक विशेष असा की, जो थकलेला असतो त्यालाच आपण थकलो आहोत हे नीट कळत नाही. आम्ही शिक्षक असतानाचा एक साधा अनुभव सांगतो. निकालाची मुदत जवळ आली होती, म्हणून एका रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही गठ्ठ्यातील शेवटच्या वीस उत्तरपत्रिका तपासून टाकल्या. डोके अगदी स्वच्छ आहे, हात भराभर चालतो आहे, असेच तेव्हा वाटत होते. सकाळी सहज म्हणून त्या पुन्हा चाळल्या, तेव्हा वीसांपैकी पाचांच्या गुणांची बेरीज चुकलेली निघाली आणि एका मुलीचे अख्खे एक पान वाचायचेच राहिलेले आढळले. ती मुलगी नापास झाली असती. चूक झाली याचे आम्हांस इतके आश्चर्य वाटले नाही, जितके चूक होत असताना आम्हांस तिची शंकाही आली नाही याचे वाटले. या अनुभवाला शास्त्राचा दुजोरा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची हातोटी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते आणि चोवीस तास जागल्यावर ती ०.१ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वैमानिकाच्या श्वासात मद्याचा लवलेश सापडला तरी त्याला विमानात पाऊल टाकू देत नाहीत, आणि ते उचितच आहे. परंतु झोपेची उणीव मोजणारी नळी अद्याप कोणी विमानतळावर बसविलेली नाही. म्हणूनच येथे वैमानिकाच्या हिमतीवर किंवा मालकाच्या सदिच्छेवर विसंबून भागत नाही; निर्णय घड्याळावर सोपवावा लागतो. विश्रांतीचा नियम म्हणजे ते घड्याळ होय.

ते घड्याळ नजरेआड झाले म्हणजे काय होते, याचे उत्तर आपल्या देशाने २२ मे २०१० रोजी मंगळूरला पाहिले. दुबईहून रात्रभर उडत आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पहाटे सहाच्या सुमारास टेकडीवरच्या धावपट्टीवर नको तितके पुढे जाऊन टेकले, धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे दिसून आले की, मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावरही झोपेची गुंगी त्याच्या निर्णयशक्तीवरून उतरलेली नव्हती. सहवैमानिक विमान पुन्हा वर घेण्यास सांगत होता. ते ऐकले गेले नाही. तो मुख्य वैमानिक नवशिका नव्हता, चांगला अनुभवी होता. अनुभवाने पुष्कळ गोष्टी साध्य होतात. झोपेवाचून राहणे त्याने साधत नाही.

प्रादेशिक कंपन्यांच्या संदर्भात तर १२ फेब्रुवारी २००९ चा अमेरिकेतील अपघात मुद्दाम आठवावा असा आहे. बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या छोट्या कंपनीचे पंख्याचे विमान एका घरावर कोसळले आणि एकूण ५० माणसे गेली. चौकशीत वैमानिकांच्या जीवनाचे जे चित्र पुढे आले त्याने अमेरिका हादरली. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री देशाच्या पश्चिम टोकाकडून विमानांतून प्रवास करीत कामाच्या गावी आली होती. मुख्य वैमानिकाने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. तुटपुंज्या पगारात कामाच्या गावी घर परवडत नाही, म्हणून झोपेची अशी ओढाताण. थकव्याचा वाटा नेमका किती, हे चौकशी मंडळाला ठरविता आले नाही. पण मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१० साली कायदा झाला, २०११ च्या अखेरीस नवे नियम निघाले आणि २०१४ च्या जानेवारीपासून ते अमलात आले. कामापूर्वी दहा तास विश्रांती व त्यात आठ तास अखंड झोपेची संधी, असे त्यांचे सूत्र आहे. छोट्या गावच्या छोट्या विमानातील प्रवाशांचा जीवही तितकाच मोलाचा आहे, हे पटवून द्यायला पन्नास प्रेते लागली.

आपल्याकडील नियमांचा इतिहास फारसा स्पृहणीय नाही. २००७ साली महासंचालनालयाने विश्रांती वाढविणारे नियम काढले. विमान कंपन्यांनी हाकाटी केली आणि २००८ साली ते नियम स्थगित होऊन १९९२ ची जुनी चौकट पुन्हा गळ्यात आली. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि अखेर २०११ साली सुधारलेले नियम आले. मधे मंगळूर होऊन गेले होते. २०२४ च्या जानेवारीत हीच कथा नव्याने सुरू झाली. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच अवतरणे, आणि थकव्याच्या तक्रारींचा अहवाल कंपनीने दर तिमाहीस द्यावा, अशा या सुधारणा १ जून २०२४ पासून लागू व्हावयाच्या होत्या. कंपन्यांच्या आग्रहाने त्या लांबणीवर पडल्या. दिल्ली उच्च न्यायालयासमोर वेळापत्रक ठरले तेव्हा कोठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत त्या अवतरल्या, आणि दुसरा हप्ता पडताच महिन्याभरात डिसेंबरचा गोंधळ उडाला. नियम काढावा, कंपनीने डोळे वटारावेत, नियम दोन पावले मागे सरावा, असा हा अठरा वर्षांचा क्रम आहे.

कंपन्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेऊ नये असे नाही. वैमानिक तयार होण्यास वर्षे लागतात, मोठा खर्च येतो, नियम कडक झाले की त्याच फेऱ्यांना अधिक माणसे लागतात, भाडी वाढतात, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती अमरावतीसारख्या कमी उत्पन्नाच्या मार्गावर, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातील शेवटचा मुद्दा आपल्या जिव्हारी लागणारा आहे, आणि म्हणूनच तो पारखून घेतला पाहिजे. नियम जाहीर झाल्यापासून पूर्णपणे लागू होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. दोन वर्षांत माणसे वाढविता येत नाहीत, पण फेऱ्या वाढविता येतात, हा कोणता हिशेब? लोणी ते माना या पट्ट्यात अमरावती-अकोला महामार्गाचे ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पूर्ण झाले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. ते यंत्र थांबले नाही हे खरे. पण यंत्रापाशी एकच माणूस १०५ तास उभा नव्हता. शेकडो माणसे होती, म्हणून काम अखंड चालले. काम अखंड चालवावयाचे असेल तर माणसे पुरेशी ठेवावी लागतात, एवढी साधी गोष्ट विमान कंपनीच्या ताळेबंदात बसत नसेल, तर दोष ताळेबंदाचा आहे.

परंतु सगळा दोष कंपन्यांच्या आणि सरकारच्या माथी मारून आपण हात झटकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विश्रांतीच्या नियमावर जो दाब येतो त्यातील एक वाटा आपला, म्हणजे प्रवाशांचा आहे. क्षणभर कल्पना करा. मुंबईहून उशिरा निघालेले विमान बेलोऱ्यास आले आहे. वैमानिकांच्या कामाचे तास संपत आले आहेत. अनपेक्षित अडचणीत ठराविक मर्यादेपर्यंत काम वाढविण्याची मुभा मुख्य वैमानिकाला नियमाने दिलेली असते. आता ती वापरावी की न वापरावी, हे त्याने ठरवावयाचे आहे. दुसरी जोडी अमरावतीत नाही, ती मुंबईत. फेरी रद्द केली तर पुढची फेरी उद्या असेलच असे नाही. खाली सत्तर माणसे घड्याळाकडे पाहत आहेत. कोणी मोठ्या आवाजात बोलतो आहे, कोणी चित्रफीत काढतो आहे, कोणी एखाद्या लोकप्रतिनिधीला दूरध्वनी लावतो आहे. त्या माणसाने ‘मी थकलो आहे’ असे म्हणावे, यासाठी आपण त्याला किती जागा ठेवली? जेथे दिवसाला दहा विमाने आहेत तेथे एक फेरी रद्द होणे ही अडचण असते. जेथे आठवड्याला मोजक्याच फेऱ्या आहेत तेथे ते संकट होते. म्हणून लहान गावच्या विमानतळावरच वैमानिकावरचा अदृश्य दाब अधिक असतो. आणि उशिराचा दोष बहुधा त्याचा नसतोच.

ही आपली जुनी खोड आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण होरपळून गेले. त्या अपघाताच्या कारणांविषयी पुष्कळ वाद झाले. पण रात्रीच्या बसने अकोल्याहून वा अमरावतीहून पुण्यास जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती बातमी वाचताना एकच प्रश्न आला असेल, की आपला चालक काल झोपला होता काय? मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्यात होती. तिकीट काढताना आपण वातानुकूलन आहे काय, आसन खिडकीपाशी आहे काय, हे विचारतो. दुसरा चालक सोबत आहे काय, हे विचारणारा प्रवासी आम्ही क्वचितच पाहिला. रस्त्यावर जो कायदा कागदावर राहिला, तोच प्रकार आकाशात होऊ द्यावयाचा नसेल, तर प्रवाशांची मागणी बदलली पाहिजे.

मागणी कोणती करावी? पहिली अशी की, अमरावतीसारख्या मार्गाला सरकार जेव्हा प्रादेशिक जोडणी योजनेतून तूट भरून देते, तेव्हा तो लोकांचा पैसा असतो. तो देताना आसनांच्या संख्येबरोबर राखीव वैमानिकांच्या संख्येचीही अट असावी. पैसा घ्यावयाचा आणि माणसे पुरी ठेवावयाची नाहीत, हे चालू देता कामा नये. दुसरी मागणी अशी की, थकलो आहे असे कळविणाऱ्या वैमानिकास कोणतीही शिक्षा, आडून वा उघड, होऊ नये. आणि कंपन्यांनी तिमाहीस द्यावयाचे अहवाल महासंचालनालयाच्या कपाटात न राहता लोकांपुढे यावेत. किती जणांनी थकवा कळविला, किती जणांचे म्हणणे मान्य झाले, हे प्रवाशास कळणे त्याच्या हक्काचे आहे. तिसरी अशी की, कंपनीच्या बेसावधपणामुळे संकट आले तर फेऱ्या कमी कराव्यात, प्रवाशांना भरपाई द्यावी, दंड करावा. पण विश्रांतीच्या नियमाला हात लावू नये. पूर आला म्हणून धरणाची भिंत कमी करीत नसतात. आणि चौथी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आहे. बेलोऱ्यास फेऱ्या वाढवा, शिवणीची धावपट्टी लांबवा, अशी निवेदने ते देतात आणि त्यांत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. त्या निवेदनांत वैमानिकांच्या संख्येविषयी आणि विश्रांतीविषयी एक वाक्य असावे, एवढीच विनंती.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या विमानतळावर, विमानाकडे जाण्याच्या दारापाशीच, एक चाळिशीचा वैमानिक कोसळला आणि त्याचे प्राण गेले. मृत्यू हृदयविकाराने झाला असे सांगण्यात आले. त्याचा संबंध श्रमांशी जोडण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि आम्ही तो जोडीत नाही. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळात दोन फेऱ्या, मग सत्तावीस तासांची विश्रांती, आणि त्या दिवशी चार फेऱ्यांचे काम, असे त्याचे वेळापत्रक प्रसिद्ध झाले होते. ते नियमात बसणारे होते. परंतु ते वाचल्यावर आमच्या मनात आले, ते हे की, ज्याच्या हाती आपण आपली मुलेमाणसे निर्धास्तपणे सोपवितो, त्याचा दिवस कसा जातो आणि रात्र कशी जाते, याची आपण कधी चौकशीच केलेली नाही.

बेलोऱ्याच्या शाळेतून उद्या वैमानिक होऊन बाहेर पडणाऱ्यांत दर्यापूरची, मूर्तिजापूरची, अचलपूरची मुले-मुली असतील. त्यांच्या आईबापांस आपली लेक वेळेवर जेवली काय, झोपली काय, ही काळजी लागेल; आणि तिच्या विमानात बसलेल्या सत्तर जणांच्या जिवाची काळजी त्याच प्रश्नात सामावलेली असेल. म्हणून पुढे कधी बेलोऱ्याच्या फलकावर वैमानिकांच्या विश्रांतीच्या कारणाने फेरी रद्द झाल्याचे दिसले, तर रागावण्याचा हक्क वाचकांनी जरूर बजावावा. फक्त त्या वेळी, याच वैमानिकांना घेऊन का निघत नाही, असे विचारू नये; दुसरे वैमानिक का ठेवले नाहीत, असे कंपनीस विचारावे.